एक रेडिओ, दोन होस्ट आणि उत्तर कोणाचं

आमच्याकडे पाणीपुरवठ्याची टेलिमेट्री आहे, म्हणजे टाक्या, पंप, व्हॉल्व्ह अशा चाळीस ठिकाणी आरटीयू (तिथले आकडे पाठवणारी आणि कमांड पाळणारी छोटी उपकरणं) बसवलेत आणि ते सगळे एकाच यूएचएफ रेडिओ चॅनलवर सेकंदाला ९६०० बिटच्या स्पीडने मास्टर रेडिओशी बोलतात, मास्टर रेडिओतून सिरियल केबल निघते ती थेट स्काडाच्या, म्हणजे कंट्रोल रूममधून सगळं बघणाऱ्या-चालवणाऱ्या सिस्टिमच्या कॉम्प्युटरला. प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची भाषा, मॉडबस आरटीयू (इथे आरटीयू हे मॉडबसच्या एका प्रकाराचं नाव). मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेला, आणि अजून सगळीकडे ठाण मांडून बसलेला. वर्षानुवर्षं काही तक्रार नव्हती. मग ठरलं की पंपांचा वीजवापर बघणारी वेगळी सिस्टिम येणार, तिचा कॉम्प्युटर वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं, आणि तिलाही डेटा त्याच आरटीयूंमधून हवा. करंट, व्होल्टेज, युनिट्स, पंप किती तास चालला वगैरे. मीटिंगमध्ये हे एका वाक्यात उरकलं, "आहेच की रेडिओ, त्यालाच जोडा". ते जोडणं म्हणजे काय होतं त्याची ही हकीगत, कोणाला असंच काम अंगावर आलं तर उपयोगी पडावी म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिला प्रस्ताव असा होता की नवीन होस्टला (होस्ट म्हणजे आरटीयूंना प्रश्न विचारणारा कॉम्प्युटर) स्वतःचा रेडिओच देऊन टाकू, त्याच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे केबलची भानगडच नको. ऐकायला सोपं वाटतं. पण आमचा चॅनल जोडीचा आहे, मास्टर एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि दुसरीवर ऐकतो, आरटीयूंचं उलट. आता दुसरा मास्टर आणला तर तोही पहिल्याच फ्रिक्वेन्सीवर बोलणार आणि दुसरीवरच ऐकणार, म्हणजे दोन्ही मास्टर एकमेकांचं बोलणं कधीच ऐकू शकत नाहीत, त्यांच्यासाठी समोरचा अस्तित्वातच नाही. "हवेत कोणी बोलत असेल तर थांब" हा नियम लावायचा म्हटलं तरी कोणाचं ऐकून थांबणार? आमच्या रेडिओवाल्या काकांनी हे कागदावर दोन बाण काढून दाखवलं आणि विषय तिथेच मिटला. लायसन्सचा मुद्दा वेगळाच, तिथपर्यंत जायची वेळच आली नाही.

बरं मग एकच रेडिओ, दोन होस्ट. सिरियल केबलला वाय जोड मारून दोन कॉम्प्युटर जोडायचे असं कोणीतरी सुचवलंच, नेहमी कोणीतरी सुचवतंच. आरएस-२३२ हे एकास एक जोडणीसाठी आहे, दोघांच्या ट्रान्समिटच्या तारा एकत्र बांधल्या की एक वर खेचतो एक खाली, आणि रेडिओला जे मिळतं तो नुसता कचरा. त्यासाठी पोर्ट शेअरिंगचा डबा मिळतो, तो बरा असतो. त्यात जो होस्ट आधी आरटीएस ("बोलू का?" विचारणारी तार) वर करेल त्याला सीटीएस ("बोल" ही परवानगी) मिळतो, दुसरा तोपर्यंत थांबतो, आणि रेडिओकडून येणारं उत्तर मात्र दोघांनाही जातं. आम्ही तो डबा बसवला. दोन्ही स्क्रीनवर आकडे आले, सगळे खूष.

मग कंट्रोल रूममधून फोन यायला लागले. "साहेब, पाच नंबरची टाकी मधेच साडेचार मीटर दाखवते आणि पुढच्या वेळेला परत दोन मीटर. पाणी कुठं गेलं?" टाकी जागेवर, पाणी जागेवर, लेव्हल सेन्सर तपासला तर तोही ठणठणीत. आणि हे रोज होत नव्हतं, कधीतरी, आणि ठराविक तीन-चार आरटीयूंवरच. सीआरसी (डेटा वाटेत बिघडला का ते पकडणारा तपासणीचा आकडा) एरर शून्य. म्हणजे डेटा खराब होऊन येत नव्हता, अगदी शुद्ध स्वरूपात चुकीचा येत होता.

लॅपटॉप लावून रेडिओच्या केबलवर दोन्ही बाजूंचे बाइट टिपायला सुरुवात केली तेव्हा खरा प्रकार कळला, आणि या सगळ्या कामातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मॉडबस आरटीयूमध्ये होस्टने प्रश्न विचारला तर त्यात आरटीयूचा नंबर असतो, फंक्शन कोड (वाचायचं की लिहायचं) असतो, कुठल्या रजिस्टरपासून (रजिस्टर म्हणजे आरटीयूमधला १६ बिटचा एकेक खण) किती वाचायचे ते असतं. उत्तरात काय असतं? आरटीयूचा नंबर, फंक्शन कोड, किती बाइट येतायत तो आकडा, मग डेटा आणि शेवटी सीआरसी. संपलं. प्रश्न कोणी विचारला होता ते उत्तरात नाही. कुठल्या रजिस्टरपासूनचं आहे तेही नाही! प्रश्न विचारणाऱ्याने आपलं आपण लक्षात ठेवायचं. एकच मास्टर असताना याचं काहीच बिघडत नाही कारण शेवटचा प्रश्न त्याचाच असतो. पण दोन गुरुजी एकाच वर्गात उभे राहून पाच नंबरच्या मुलाला एकाच वेळी वेगवेगळे प्रश्न विचारतायत आणि तो नुसता "बेचाळीस" म्हणून खाली बसतोय, असं झालं की मग ते बेचाळीस कोणाचे?

आमच्याकडे नेमकं काय व्हायचं ते सांगतो. वीजवाल्या होस्टने पाच नंबरला दहा रजिस्टर विचारले, करंट आणि व्होल्टेजचे. त्याला सीटीएस मिळाला, प्रश्न हवेत गेला. त्याच क्षणी स्काडाच्या होस्टनेही पाच नंबरला दहा रजिस्टर विचारले, लेव्हलचे, पण त्याला सीटीएस नाही, म्हणून त्याचा प्रश्न सिरियल ड्रायव्हरच्या बफरमध्ये अडकून पडला. सॉफ्टवेअरला ते माहीतच नाही, त्याच्या हिशोबाने प्रश्न पाठवून झाला आणि आता तो उत्तराची वाट बघतोय. इकडे वीजवाल्याचं उत्तर आलं, ०५ ०३ १४, म्हणजे आरटीयू पाच, फंक्शन तीन, हेक्समध्ये १४ म्हणजे वीस बाइट. डब्याने ते दोघांना दिलं. स्काडाने बघितलं, नंबर पाच बरोबर, फंक्शन बरोबर, वीस बाइट बरोबर, सीआरसी बरोबर, घेतलं. करंटचा आकडा लेव्हलच्या खणात जाऊन बसला. आणि गंमत इथेच संपत नाही, स्काडाचा अडकलेला प्रश्न मग हवेत जातो, त्याचं उत्तर येतं तेव्हा स्काडा पुढच्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत असतो, पुढचा प्रश्नही पाच नंबरलाच असेल तर हे घसरलेलं उत्तरही तो निमूटपणे गिळतो. ज्या आरटीयूंवर दोन्ही होस्ट नेमके तेवढेच रजिस्टर मागत होते तिथेच हे दिसत होतं, म्हणून ते तीन-चारच.

तात्पुरता इलाज एकदम साधा निघाला. वीजवाल्या होस्टला सांगितलं की दहाऐवजी अकरा रजिस्टर वाच, शेवटचं फेकून दे. आता उत्तरात वीसऐवजी बावीस बाइट येणार, स्काडा ते आपलं नाही म्हणून नाकारणार. आकड्यांच्या उड्या बंद झाल्या. पण हा जुगाड आहे हे आम्हाला माहीत होतं, उद्या कोणीतरी कॉन्फिगरेशन "सुधारलं" की परत तेच.

खरं तर हा प्रश्न काही नवीन नाही. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या टीमने १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं तेव्हा तिथेही रेडिओचा स्पीड ९६००च होता, आणि त्यांनी रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये मेनेहुने नावाचं वेगळं मशीन ठेवलं होतं जे पॅकेट कोणाचं ते बघायचं. नंतर स्वीडनमध्ये १९८६ मध्ये मोबिटेक्स सुरू झालं, त्यात तर टर्मिनलला आणि होस्टला प्रत्येकाला स्वतःचा नंबर, पॅकेटवर पाठवणारा आणि घेणारा दोन्ही लिहिलेले, त्यामुळे एकाच रेडिओ नेटवर्कवर कितीतरी कंपन्यांचे होस्ट सुखाने नांदायचे. आमच्या मॉडबसला ही सोय नाही, म्हणून ती हिशोबाची वही आम्हालाच मधे कुठेतरी ठेवायला लागणार होती. रेडिओचा मालक एकच हवा आणि दोन्ही होस्टनी त्याच्याकडे मागायचं, हे एवढं पटल्यावर पुढचं काम सरळ झालं. सरळ म्हणजे सोपं नाही.

डबा काढला, त्या जागी छोटा लिनक्सचा कॉम्प्युटर गेटवे, म्हणजे मधला दुवा, म्हणून ठेवला. रेडिओची सिरियल केबल फक्त त्याला. दोन्ही होस्ट नेटवर्कवरून मॉडबस टीसीपीने (मॉडबसचाच नेटवर्कवर चालणारा प्रकार) त्याच्याशी बोलणार, पोर्ट ५०२. मॉडबस टीसीपीमध्ये पुढे सात बाइटचं हेडर असतं आणि त्यात दोन बाइटचा ट्रान्झॅक्शन नंबर, होस्ट जो नंबर पाठवेल तोच उत्तरासोबत परत द्यायचा. आता उत्तराला पत्ता मिळाला. गेटवे एका वेळी एकच प्रश्न हवेत सोडतो, उत्तर येईपर्यंत किंवा टाइमआउट होईपर्यंत (वाट बघायची मुदत संपेपर्यंत) दुसरा सोडत नाही, आलेलं उत्तर ज्याने विचारलं त्याच्याच कनेक्शनवर जातं. मिक्सिंगचा प्रॉब्लेम कायमचा गेला.

आणि वेळेचा प्रॉब्लेम समोर आला. तो आधीही होताच, फक्त दिसत नव्हता. हिशोब बघा. ९६०० ला एक बाइट साधारण एक मिलिसेकंद घेतो. प्रश्न आठ बाइटचा, दहा रजिस्टरचं उत्तर पंचवीस बाइटचं, म्हणजे डेटाचा वेळ जेमतेम ३४ मिलिसेकंद. पण प्रत्यक्षात मोजलं तर एका पोलला, म्हणजे एका प्रश्नोत्तराला, २५० मिलिसेकंद लागत होते. बाकीचा वेळ कुठे जातो? रेडिओ ट्रान्समिटला चढायला वेळ, समोरच्याला सिग्नल पकडायला वेळ, आरटीयूला विचार करायला वेळ, मग त्याचा रेडिओ चढायला वेळ. चाळीस आरटीयू गुणिले पाव सेकंद, दहा सेकंदात एक फेरी. दोन होस्ट झाले की वीस. हे चालण्यासारखं होतं.

न चालण्यासारखं होतं ते मेलेल्या आरटीयूंचं. एखाद्या ठिकाणी वीज गेली, बॅटरी उतरली की तो गप्प. दोन सेकंदांचा टाइमआउट आणि तीन प्रयत्न म्हणजे सहा सेकंद एका आरटीयूवर वाया, आणि दोन्ही होस्ट तेच करणार म्हणजे बारा. तीन आरटीयू गप्प झाले तर छत्तीस सेकंद नुसती शांतता ऐकण्यात आणि एकूण फेरी जवळजवळ मिनिटाची. त्यात भर म्हणजे गेटवेमध्येही डिफॉल्टला तीन प्रयत्न होते, होस्टचे तीन गुणिले गेटवेचे तीन, नऊ! एका मेलेल्या आरटीयूसाठी अठरा सेकंद, तेही एकाच होस्टचे. इथे मी हट्टच धरला की पुन्हा प्रयत्न करायचा अधिकार एकाच ठिकाणी हवा. होस्टकडचे रिट्राय शून्य केले, गेटवे एकदाच परत विचारणार, आणि लागोपाठ काही वेळा उत्तर नाही आलं तर त्या आरटीयूला "बंद" शिक्का, मग मिनिटाला एकदाच त्याला हाक मारून बघायची, मधल्या वेळेत कोणी विचारलं तर लगेच एक्सेप्शन (नकाराचं उत्तर) कोड ११ परत द्यायचा, जो मॉडबसमध्ये याचसाठी आहे, गेटवेच्या पलीकडचं उपकरण उत्तर देत नाही. होस्टला उत्तर मिळतं, हवेतला वेळ वाचतो. एवढ्या एका बदलाने जो फरक पडला तो बाकी कशानेच पडला नाही.

रांगेचीही एक भानगड झाली. सुरुवातीला जो आधी येईल त्याचं आधी असा साधा प्रकार ठेवला होता. स्काडा सज्जन, एक प्रश्न विचारतो, उत्तर येईपर्यंत थांबतो. वीजवाली सिस्टिम मात्र एकदम बरीच कनेक्शन उघडून पन्नास प्रश्न एका दमात फेकायची, मग स्काडाचा एक प्रश्न त्या पन्नासांच्या मागे उभा. तोपर्यंत स्काडाचा टाइमआउट होऊन जायचा, कारण त्याचं घड्याळ प्रश्न गेटवेला दिल्यापासून चालू होतं, हवेत गेल्यापासून नाही. तो परत विचारायचा, आणि जुना प्रश्न रांगेत तसाच, ज्याच्या उत्तराची आता कोणालाच गरज नाही असे प्रश्न आम्ही महागड्या हवेत सोडत होतो. मग प्रत्येक होस्टची रांग वेगळी केली, आळीपाळीने घ्यायचे, स्काडाचे दोन मग वीजवाल्याचा एक. आणि प्रत्येक प्रश्नावर मुदत लिहिली, मुदत उलटली की रांगेतूनच काढून टाकायचा. होस्टचे टाइमआउट रांगेच्या हिशोबाने वाढवून घेतले, याला त्या दुसऱ्या सिस्टिमचे लोक तयारच होत नव्हते, "आमच्या बाकीच्या साइटवर एक सेकंद पुरतो" म्हणे. बाकीच्या साइटवर केबल असेल हो, इथे रेडिओ आहे.

कॅशचं, म्हणजे वाचलेले आकडे गेटवेतच साठवून तिथून देण्याचं, पण सांगतो कारण यात फायदा मोठा आहे. दोन्ही होस्ट एकाच आरटीयूला थोड्या थोड्या अंतराने दहा दहा रजिस्टर विचारत होते. वर बघितलंच की एका पोलमधला बहुतेक वेळ रेडिओच्या चढ-उतारात जातो, डेटात नाही. मग गेटवेनेच एकदा चाळीस रजिस्टरचा सलग गठ्ठा वाचला तर? उत्तर ८५ बाइटचं होतं, म्हणजे साठेक मिलिसेकंद जास्त, पण दोन पोलचं काम एकात. अर्ध्या सेकंदाऐवजी साधारण ३१० मिलिसेकंद, चाळीस आरटीयूंची फेरी बारा-साडेबारा सेकंदांत आणि दोघांचंही भागतं. मॉडबसमध्ये एका वेळी १२५ रजिस्टर वाचता येतात तेव्हा जागा भरपूर आहे. काही आरटीयूंमध्ये मधे रिकामे पत्ते आहेत, तिथे सलग वाचायला गेलं की तो एक्सेप्शन कोड २ (असा पत्ताच नाही) देतो, त्यांना वेगळं ठेवलं.

पण कॅश जपून वापरावी लागते. आरटीयू मेला तरी गेटवे जुना आकडा आनंदाने देत बसला तर ऑपरेटरला टाकी भरलेली दिसत राहणार आणि प्रत्यक्षात ती रिकामी होत असणार, याच्याइतकं धोकादायक काही नाही. म्हणून ठराविक वयापेक्षा जुना आकडा द्यायचाच नाही, एक्सेप्शन द्यायचा. दुसरं म्हणजे युनिट्ससारखे ३२ बिटचे आकडे दोन रजिस्टरमध्ये पसरलेले असतात, वरचा अर्धा एका वाचनातला आणि खालचा दुसऱ्या वाचनातला असं झालं तर मीटर अचानक ६५,५३६ युनिट पुढे किंवा मागे उडी मारतो. ते दोन्ही अर्धे नेहमी एकाच वाचनातले हवेत.

पंप चालू-बंद करायच्या कमांडना वेगळेच नियम. लिहायचा अधिकार फक्त स्काडाला, तोही त्याच्या आयपीवरून, दुसऱ्या कोणी लिहायचा प्रयत्न केला तर गेटवेच नाकारतो, कारण मॉडबसमध्ये पासवर्ड वगैरे प्रकारच नाही, जो विचारेल त्याचं ऐकतो. कमांड रांगेच्या पुढे जाते, हवेत असलेला एक पोल संपला की लगेच तिचा नंबर. कमांड गेली की त्या आरटीयूची कॅश पुसायची. आणि गेटवेने कमांड आपणहून परत पाठवायची नाही, कधीच नाही. सेटपॉइंट, म्हणजे ठरवून द्यायचा आकडा, दोनदा लिहिला तर काही होत नाही, पण आमच्याकडे काही जुन्या ठिकाणी एकाच पल्सने पंप चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू होतो, तिथे पहिली कमांड पोचली, फक्त तिचं उत्तर हरवलं, आणि गेटवेने परत पाठवली तर काय होईल ते सांगायला नको. तिथे निर्णय माणसाचा.

उशिरा येणारी उत्तरं हा शेवटचा काटा. गेटवेचा टाइमआउट झाला, त्याने पुढचा प्रश्न सोडला, आणि तेवढ्यात मागचं उत्तर आलं, की परत तीच पाच नंबरच्या टाकीची कथा. म्हणून टाइमआउटनंतर थोडा वेळ गप्प बसून बफर रिकामा करायचा, आणि लगोलग त्याच आरटीयूला न विचारता मधे दुसऱ्याला विचारून घ्यायचं, म्हणजे चुकार उत्तर आलंच तर नंबरवरून पकडलं जातं.

आता स्टँडबाय स्काडाही जोडला आहे, तो हवेत काहीच विचारत नाही, गेटवेच्या कॅशमधूनच वाचतो, त्यामुळे तिसरा होस्ट आला तरी चॅनलवर भार वाढला नाही. मुख्य स्काडा पडला की लिहायचा अधिकार त्याच्याकडे जातो. पुढे हळूहळू डीएनपी३ या दुसऱ्या प्रोटोकॉलवर जायचं चाललंय, त्यात प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, दोघांनाही १६ बिट, म्हणजे उत्तर कोणाचं हा वाद नाही. पण म्हणून गेटवे काढता येईल असं समजू नका. डीएनपी३ मध्ये आरटीयू घडलेल्या घटना साठवून ठेवतो आणि मास्टरने पोच दिली की पुसतो, दोन मास्टर असतील तर आरटीयूने दोघांसाठी वेगळा साठा ठेवायला हवा, आमच्या निम्म्याहून जास्त आरटीयूंना ते जमत नाही, एकाने पोच दिली की दुसऱ्याला ती घटना कधीच कळणार नाही. शिवाय आरटीयूने न विचारता बोलायची सोय आहे ती रेडिओवर चालू केली आणि वीज गेल्यावर सगळे एकदम ओरडायला लागले तर एकाचंही ऐकू येणार नाही, तेव्हा ती सध्या बंदच ठेवली आहे.